बरगड्यांवरचे हात

बायपास होऊन चार दिवस झालेल्या माणसाला ‘कुठं दुखतंय’ असं विचारलं, तर पुष्कळदा तो छातीवरच्या टाक्यांकडे बोट दाखवत नाही. हात मागं वळवायचा प्रयत्न करतो आणि म्हणतो, पाठीत, दोन्ही खवाट्यांच्या मधे. नातेवाइकांना वाटतं, पलंगाची गादी बरोबर नसेल. खरं कारण ऑपरेशन टेबलावर घडलेलं असतं. छातीचं मधलं हाड उभं कापल्यावर रिट्रॅक्टर नावाच्या पोलादी साधनानं दोन्ही बाजू हळूहळू दूर करतात आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत तशाच धरून ठेवतात. पुढं फाकलेल्या बरगड्या मागं मणक्यांना जोडलेल्या असतात, त्यामुळं पुढच्या फटीचा ताण मागच्या सांध्यांना सोसावा लागतो. कधी वरची एखादी बरगडी तडकतेही. हृदयाचं काम आटोपलं की हाड तारांनी आवळून बांधतात, कातडी शिवतात आणि बाहेर थांबलेल्या घरच्यांना ‘ऑपरेशन चांगलं झालं’ असा निरोप जातो. निरोप खराच असतो, पण तो हृदयाबद्दलचा असतो. श्वासाची कहाणी तिथून सुरू होते.

हे पुस्तक त्या कहाणीचं आहे. हृदयशस्त्रक्रियेनंतर श्वासाच्या स्नायूंवर हातांनी केले जाणारे उपचार, म्हणजे बरगड्यांमधल्या स्नायूंना दिलेला ताण, श्वासपटलाच्या कडेला दिलेला आधार, मानेच्या थकलेल्या स्नायूंना दिलेला सैलपणा, हा विषय मराठीत आजवर सुट्या लेखांपलीकडं फारसा आलेला नाही. प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो एका कारणानं. लेखकांनी हातांना जादू चिकटवलेली नाही. आमच्या व्यवसायात तो मोह मोठा आहे. रुग्ण डोळे मिटून म्हणतो, ‘डॉक्टर, तुमचा हात लागला आणि बरं वाटलं,’ आणि उपचार करणाऱ्याला आपल्या बोटांत काहीतरी विशेष आहे असं वाटू लागतं. बरं वाटणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. पण बरं वाटलं म्हणजे फुप्फुस उघडलं, असं होत नाही, आणि या दोहोंतलं अंतर पुस्तकभर जपलेलं आहे.

आधी श्वासपटलाबद्दल थोडं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. छाती आणि पोट यांच्यामधला हा घुमटाच्या आकाराचा स्नायू शांत श्वासाच्या वेळी दीड-दोन सेंटिमीटर खाली जातो आणि खोल श्वासाला सात ते दहा. साध्या श्वासाचं बहुतेक काम एकटा तोच करतो. तो खाली उतरताना पोट पुढं येतं आणि खालच्या बरगड्या बादलीच्या कडीसारख्या बाहेरून वर उचलल्या जातात. त्याला हुकूम देणारी नस मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंच्या मुळांपासून निघते आणि छातीत उतरून हृदयाच्या आवरणाला चिकटून खाली जाते. हृदयशस्त्रक्रियेतली पंचाईत इथंच आहे. हृदय थांबवून थंड ठेवण्यासाठी भोवती बर्फाचा चुरा टाकण्याची पद्धत होती, तेव्हा ही नसही गारठायची. आता थंड करण्याच्या पद्धती बदलल्या, तरी दुसरा धोका उरतोच. डाव्या बाजूची, छातीच्या आतल्या भिंतीवरून जाणारी रक्तवाहिनी सोडवून हृदयाला जोडतात. बायपासमध्ये हा जोड सर्वांत टिकाऊ मानला जातो. पण ती सोडवताना शल्यविशारदाचं काम त्या नसेच्या अगदी जवळ चाललेलं असतं. फुप्फुसाचं आवरण त्या बाजूला बहुधा उघडलं जातं, तिथून नळी बाहेर काढावी लागते आणि ती नळी प्रत्येक श्वासाला टोचते. भरीला, माणूस उताणा झोपलेला असताना हृदयाचं ओझं डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागावर येतं. हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या एक्स-रेत डावा खालचा कोपरा पांढुरका दिसला की त्यात नवल वाटत नाही, ते यामुळं.

या पांढुरक्या कोपऱ्याला ‘कफ साठलाय’ असं सरसकट म्हटलं जातं. कफ असतोही. पण पुष्कळदा ते मिटलेलं फुप्फुस असतं. हवेच्या बारीक पिशव्या भूल चढल्यावर, व्हेंटिलेटरवर असताना आणि नंतर दुखतंय म्हणून उथळ श्वास घेत राहिल्यानं मिटून जातात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत एका दमात आत घेता येणारी हवा आधीच्या निम्म्यावर येणं ही नेहमीची गोष्ट आहे. मिटलेल्या भागातून रक्त फिरतं, पण त्याला प्राणवायू मिळत नाही. ताप, धाप, न्यूमोनिया ही पुढची वाट इथून निघते. आणि जो रुग्ण काही कारणानं जास्त काळ व्हेंटिलेटरवर राहिला, त्याच्या श्वासपटलाची अवस्था आणखी वेगळी. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेंदूमृत अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे तपासले होते. १८ ते ६९ तासांच्या व्हेंटिलेटरनंतर त्या स्नायूचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. यंत्र श्वास घेत होतं, स्नायूला काही काम नव्हतं. मांडीचा स्नायू अंथरुणात पडून झिजतो हे घरोघरी ठाऊक असतं. श्वासाचा स्नायू त्याहून लवकर झिजू शकतो, हे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांनाही बराच काळ नीट उमगलेलं नव्हतं.

शस्त्रक्रियेनंतर फुप्फुस मिटतं, याची पहिली स्पष्ट मांडणी हृदयशस्त्रक्रिया सुरू होण्याच्या कितीतरी आधीची आहे. १९१० साली लंडनच्या विल्यम पाश्चर या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये पोटाच्या शस्त्रक्रियांनंतर फुप्फुसाचा एखादा खंड कसा मिटतो याचं वर्णन केलं आणि दोष श्वासपटलाच्या निष्क्रियतेकडे नेला. (लुई पाश्चर वेगळे. नावानं फसणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.) नंतर पहिलं महायुद्ध आलं. छातीत गोळ्या लागलेले सैनिक लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात येऊ लागले, आणि त्यांच्याकडून श्वासाचे व्यायाम करून घेणारा माणूस होता कोर्टलंड मॅकमॅहन. त्याचं मूळ काम तोतरेपणा आणि वाणीदोष असलेल्यांना श्वास आणि बोलणं शिकवण्याचं. १९१५ मध्ये त्यानं छातीच्या जखमांसाठी श्वासाच्या आणि शरीराच्या व्यायामांवर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. आमच्या शाखेचा एक पूर्वज बोलणं सुधारणारा शिक्षक होता, हे मला फार आवडतं. शस्त्र हाती न घेता, औषध न देता, ‘इथं श्वास आण’ असं सांगत त्यानं काम केलं. पुढं १९३०च्या दशकात लंडनच्याच ब्रॉम्प्टन रुग्णालयात फिजिओथेरपिस्टांनी हाच धागा उचलला. छातीच्या ठरावीक भागावर हात ठेवायचा आणि रुग्णाला त्या हाताखाली छाती फुगवायला लावायची, ही पद्धत तिथं घडली. आज वॉर्डात चालणाऱ्या निम्म्या तंत्रांचा उगम तिथं सापडतो.

हृदयाच्या शस्त्रक्रिया त्यानंतरच्या. हृदय-फुप्फुस यंत्राच्या मदतीनं जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात यशस्वी शस्त्रक्रिया केली, आणि १९६७ मध्ये क्लीव्हलंडला रेने फावालोरो यांनी पायातली शीर वापरून बायपासचा रस्ता पक्का केला. आपल्याकडं परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात या दोन इतिहासांची गाठ पडते. देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं निघालं, मुख्यतः पोलिओच्या रुग्णांच्या गरजेतून. त्याच रुग्णालयात फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. पोलिओनं लुळ्या झालेल्या पायांसाठी तयार झालेल्या शाखेला छातीकडं वळायला आपल्याकडं वेळ लागला, आणि माझ्या मते तो जरा जास्तच लागला. अजूनही घरच्या माणसांच्या मनात फिजिओ म्हणजे गुडघा, कंबर आणि लकवा.

आता हात. पुस्तकातलं सर्वांत साधं तंत्र मला सर्वांत मोलाचं वाटतं. खालच्या बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवायचे. श्वास सोडून झाला की शेवटाला हलका दाब द्यायचा आणि म्हणायचं, ‘काका, आता माझा हात बाहेर ढकला. खांदे नकोत, बरगडी.’ यात उपचार किती आणि तपासणी किती, हे सांगणं अवघड. हाताला लगेच कळतं की उजवी बाजू उचलली जाते आणि डावी नुसती थरथरते. श्वास घेताना वरची छाती फुगते आणि पोट उलट आत ओढलं जातं, हेही हाताला डोळ्यांआधी कळतं, आणि ते जाणवलं की श्वासपटलाच्या नसेबद्दल शंका घेऊन डॉक्टरांना सांगायचं असतं. तोच हात रुग्णाला त्याच्या शरीरातली ती जागा दाखवतो. वेदनेमुळं माणूस आपल्या छातीच्या त्या भागाशी संबंधच तोडून बसलेला असतो.

बरगड्यांमधल्या स्नायूंना ताण देण्याचं तंत्र याच्यापुढचं. श्वास सोडताना बोट बरगडीच्या वरच्या काठावर ठेवून तिला खालच्या दिशेनं हलकंसं दाबायचं आणि पुढचे काही श्वास तसंच धरायचं. ताणलेला स्नायू आपसूक आकुंचन पावू पाहतो आणि त्या भागातला श्वास खोल होतो. रुग्णाला सूचना ऐकून काही करावं लागत नाही, म्हणून गुंगीत असलेल्या माणसासाठीही ते वापरतात. जखमेपासून दूर, बाजूच्या बरगड्यांवर. मानेच्या स्नायूंचं काम वेगळंच. टाके जपण्यासाठी माणूस खांदे पुढं घेऊन, हनुवटी खाली घालून बसतो आणि श्वास मानेनं ओढू लागतो. आठवड्याभरात मानेच्या बाजूच्या दोऱ्या ताठ होतात. त्या सैल केल्या, खांदे मागं आणले, की श्वास खाली उतरायला जागा होते. इथं मात्र रुग्णांचं ‘हलकं वाटलं’ हे म्हणणं मी मनापासून मानतो.

श्वासपटल सैल करण्याचं जे तंत्र हल्ली फार बोललं जातं, त्याबद्दल लेखकांनी घेतलेली भूमिका मला पटते. रुग्ण उताणा झोपतो. उपचार करणारा डोक्याच्या बाजूला उभा राहतो. तळहाताची करंगळीकडची कड आणि शेवटची तीन बोटं सातव्या ते दहाव्या बरगड्यांच्या कूर्चेला खालून लागतात. श्वास आत येताना बरगड्या उचलल्या जातात, हात त्यांच्याबरोबर डोक्याच्या दिशेनं आणि किंचित बाहेर जातात. श्वास सुटताना हात सुटत नाहीत, बरगडीच्या आतल्या काठाकडं थोडे खोल सरकतात. दहा श्वास, मिनिटभर विश्रांती, पुन्हा दहा. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्राझीलमधल्या एका प्रयोगात या तंत्रानं श्वासपटलाची हालचाल वाढलेली दिसली. पण तो प्रयोग २० जणांवरचा, आणि ते सगळे फुप्फुसाच्या जुनाट विकाराचे, म्हणजे धूम्रपानानं होतो तशा दम्यासारख्या आजाराचे रुग्ण होते. त्यांच्या छातीचं हाड अखंड होतं. तारांनी बांधलेल्या हाडावर बरगड्या बाहेर ओढण्याचा ताण कसा पडेल, हा प्रश्न त्यांना नव्हता. हाड जुळायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. तोवर हे तंत्र लेखकांनी बाजूला ठेवलं आहे. हाड हलतंय, खोकताना ‘कट’ असा आवाज येतोय, जखमेतून पाणी येतंय, हृदयाचा ठोका बेताल आहे, यांपैकी काहीही असेल तर हात आवरायचे आणि शल्यविशारदाला गाठायचं. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून शिकलेल्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

पुराव्याचं काय, हा प्रश्न वाचक विचारील आणि त्यानं विचारावाच. २००३ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या श्वसन-फिजिओथेरपीच्या १८ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. सर्वांना सरसकट असे उपचार दिल्यानं फायदा होतो हे सिद्ध झालेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या व्यवसायातले पुष्कळजण त्या निबंधावर अजून रागावलेले आहेत. मला तो उपयोगी वाटतो, कारण त्यानं प्रश्न नीट विचारायला लावला: कुणाला, कधी, आणि काम कुणाचं? दोन वर्षांनी स्वीडनमधून उत्तराचा एक तुकडा आला. बायपासनंतरचे चार दिवस, दिवसा दर तासाला ३० खोल श्वास घेणाऱ्यांच्या सीटी स्कॅनमध्ये मिटलेला भाग कमी दिसला. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी प्रश्न आणखी मागं नेला. धोका जास्त असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी किमान दोन आठवडे, रोज २० मिनिटं, प्रतिकार देणाऱ्या छोट्या उपकरणातून श्वास घ्यायला लावलं. नंतर फुप्फुसाच्या गुंतागुंती त्यांच्यात १८ टक्के झाल्या, नेहमीची काळजी मिळालेल्यांत ३५ टक्के. ही तफावत डोळ्यांत भरते. दोन्हीकडं श्वास रुग्णानं स्वतः घेतला होता. उपचार करणाऱ्याचा हात तिथं नव्हताच.

मग हातांवर पुस्तक कशाला? कारण दर तासाला ३० श्वास घे असं कागदावर लिहून दिल्यानं माणूस ते घेतो असं नाही. आणि घेतले तर चुकीचे घेतो. तीन गोळ्यांचं ते प्लास्टिकचं यंत्र आपल्याकडं बायपास झालेल्या प्रत्येकाच्या उशाशी असतं. त्यात तोंडानं हवा आत ओढायची असते आणि अर्धेअधिक लोक जोरात फुंकतात. गोळ्या जागच्या हलत नाहीत, म्हणून आणखी जोरात फुंकतात. ओढायचं असतं हे कळल्यावर एका झटक्यात तिन्ही गोळ्या वर उडवण्याची चुरस लागते, नातवंडं टाळ्या वाजवतात. हवं असतं ते सावकाश ओढणं आणि वर गेलेली गोळी दोन-तीन सेकंद धरणं. एक गोळी धरून ठेवणारा तिन्ही उडवणाऱ्यापेक्षा पुढं असतो. बरगडीवर हात ठेवून एकदा खरा श्वास कुठं जातो हे जाणवून दिलं, तर मग यंत्र उपयोगी पडतं. नुसत्या यंत्राचा इतर व्यायामांहून अधिक फायदा होतो असं मोठ्या आढाव्यांत दिसलेलं नाही. फुग्यांचंही तसंच. मावशी मोठ्या प्रेमानं फुग्यांचं पाकीट घेऊन येतात. फुगा फुगवण्यात सगळा जोर सोडण्यावर, आणि मिटलेलं फुप्फुस उघडतं ते घेण्यानं. प्राणायामाबद्दल प्रत्येक घरात विचारलं जातं. लेखकांनी त्यावर वेगळं प्रकरण लिहिलं ते योग्यच केलं. सावकाश, न रोखता घेतलेला श्वास चालेल. कपालभाती, भस्त्रिका आणि श्वास कोंडून ठेवणं हाड जुळेपर्यंत नको, आणि नंतरही हृदयाच्या डॉक्टरांना विचारून.

या सगळ्याला आपल्याकडं सर्वांत मोठा अडथळा होतो तो मायेचा. ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, हलू नका,’ असं प्रत्येक भेटायला येणारा सांगून जातो. खोकला आला की घरचे घाबरतात, टाके उसवतील म्हणून तो दाबायला सांगतात. उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीशी घट्ट धरून खोकलं तर हाडाला आधार मिळतो, आणि दाबून ठेवलेला खोकला टाक्यांपेक्षा फुप्फुसाचं जास्त नुकसान करतो. छातीचा पट्टा दिवसरात्र करकचून बांधला तर बरगड्या बांधल्या जातात. खोकताना तो आवळावा, एरवी सैल ठेवावा. उताणं पडून राहण्यापेक्षा खुर्चीत बसलं तरी फुप्फुसात जास्त हवा मावते. चालणं त्याहून चांगलं.

शासनाच्या योजनेमुळं बायपास आता तालुक्यातल्या माणसाच्याही आवाक्यात आली आहे. शस्त्रक्रिया पुण्याला, नाशिकला किंवा कोल्हापूरला होते आणि आठवड्याभरात रुग्ण गावी परततो. हाड जुळण्याचे पुढचे दोन-तीन महिने जिथं जातात, तिथं छातीचा फिजिओथेरपिस्ट बहुधा नसतो. शेवटचं प्रकरण त्या घरांसाठी आहे. बायकोनं, मुलानं, सुनेनं खालच्या बरगड्यांवर तळवे कसे ठेवायचे, दाब किती द्यायचा (आंबा पिकलाय का हे पाहण्याइतका, त्याहून जास्त नाही), दिवसातून किती वेळा, आणि कोणती खूण दिसली की हात काढून थेट दवाखाना गाठायचा, हे तिथं चित्रांसह दिलं आहे. श्वासपटल सैल करण्याचं तंत्र त्या प्रकरणात मुद्दाम दिलेलं नाही. विद्यार्थ्यांनी पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं. घरच्या माणसांनी शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल, पण धोक्याच्या खुणांचं पान आधी वाचून, आणि रुग्णाला घरी सोडण्यापूर्वी वॉर्डातल्या फिजिओसमोर एकदा हात ठेवून दाखवून.